‘स्नूकर्ड’ झालो म्हणजे नेमकं काय झालं?

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचे काही सहकारी मँचेस्टरला बसतात, काही शिकागोला. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिचा फोन आला. “मामा, तू कॉलेजात असताना स्नूकर खेळायचास ना? मग मला ‘स्नूकर्ड’ म्हणजे काय ते सांग. आज दिवसभर आमच्याकडे या एका शब्दावरून गोंधळ चाललाय.”

झालं होतं ते असं. मँचेस्टरच्या माणसाने मेलमध्ये लिहिलं की, परवाना अजून हातात आला नसल्यामुळे आपण सध्या ‘स्नूकर्ड’ आहोत. शिकागोच्या माणसाने ते वाचलं आणि त्याला वाटलं, परवाना देणाऱ्या कंपनीने आपल्याला गंडवलं. त्याने लगेच वकिलांना त्या मेलमध्ये घेतलं. मग खुलासे आणि खुलाशांवर खुलासे. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. ब्रिटिश इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘वाट अडली’ असा होतो आणि अमेरिकन इंग्रजीत ‘फसवलं गेलं’ असा.

भाचीला हे सांगायला मला पाऊण तास लागला. कारण नुसता अर्थ सांगून भागत नाही. स्नूकरचं टेबल एकदा डोळ्यांसमोर उभं राहिलं की तो शब्द कधी वापरायचा आणि कधी नाही, हे आपसूक कळतं. टेबलाशिवाय तो पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेले शब्द हटकून चुकीच्या जागी पडतात. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश मांडतो.

टेबल साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. वर हिरवं लोकरी कापड ताणून बसवलेलं. सहा पॉकेट, चार कोपऱ्यांत आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. कडेने रबरी कुशन, बॉल त्यावर आदळला की परत उसळतो. बॉल एकूण २२. एक पांढरा, १५ लाल आणि सहा रंगीत. लालची किंमत १. मग पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७.

ज्यांनी कॅरम खेळलंय त्यांना निम्मा खेळ आधीच कळलेला असतो. आपला स्ट्रायकर म्हणजे इथला पांढरा बॉल. हातातल्या काठीने, म्हणजे क्यूने, फक्त पांढऱ्यालाच मारायचं; बाकीचं सगळं त्या पांढऱ्याकडून करून घ्यायचं. पण एक फरक आहे आणि सगळी गोष्ट त्या फरकातच आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर आधी कुठल्या सोंगटीला लागावा यावर बंधन नसतं. समोरच्याच्या सोंगटीला चाटून आपली घेतली तरी चालतं. स्नूकरमध्ये पांढऱ्याने सगळ्यांत आधी कुणाला शिवायचं हे ठरलेलं असतं. आधी लाल. लाल पॉकेटमध्ये गेला की एक रंगीत. तो रंगीत बॉल उचलून पुन्हा आपल्या जागी ठेवायचा आणि परत लालकडे वळायचं. पंधराही लाल संपले की रंगीत बॉल किमतीच्या चढत्या क्रमाने, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत. कुठल्याही क्षणी कुणाची तरी ‘पाळी’ असते, आणि ज्याची पाळी नाही त्याला पहिला स्पर्श झाला की फाउल. फाउलचे किमान ४ गुण प्रतिस्पर्ध्याला जातात, आणि त्यात काळा गुंतला असेल तर ७.

आता समजा, तुमची पाळी लालची आहे. टेबलावर शेवटचा एकच लाल उरलाय. पांढरा आणि तो लाल यांच्या बरोबर मध्ये काळा बॉल येऊन थांबलाय. सरळ मारलं तर काळ्याला लागेल, ७ गुणांचा दंड. ही जी स्थिती आहे तिला ‘स्नूकर’ म्हणतात. म्हणजे खेळाचं नाव स्नूकर, आणि त्या खेळात घडणाऱ्या एका विशिष्ट अडचणीचं नावही स्नूकर. बाहेरच्या माणसाचा पहिला घोळ इथेच होतो.

नियमांत या अडचणीची व्याख्या अगदी काटेकोर आहे. पाळीच्या प्रत्येक बॉलपर्यंत जाणारी सरळ वाट, पाळी नसलेल्या बॉलने पूर्णपणे किंवा अंशतः अडवलेली असेल, तर पांढरा ‘स्नूकर्ड’ झाला. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पाच लाल शिल्लक असतील आणि त्यांतला एक जरी मोकळा दिसत असेल, तर तो स्नूकर नव्हे. ‘अंशतः’ हाही तितकाच महत्त्वाचा. बॉल अर्धा दिसतोय, त्याला जाऊन लागताही येईल, पण त्याच्या दोन्ही कडांवर नेम धरता येत नाही, तर नियमाच्या लेखी वाट अडलेलीच.

लालच्या वाटेत दुसरा लाल आला तर मात्र स्नूकर होत नाही, कारण त्या दुसऱ्या लालचीही पाळी असतेच, त्यालाच मारा. पॉकेटच्या तोंडाशी कुशनचं जे वळण असतं त्याने वाट अडली, तरीही तो स्नूकर धरत नाहीत. त्याला वेगळं नाव आहे. वाट अडवणारा हा दुसरा बॉलच असावा लागतो, आणि तो पाळी नसलेलाच असावा लागतो.

मला या शब्दातली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते. वाटेत उभा राहणारा काळा बॉल काही तुमचा वैरी नसतो. तो टेबलावरचा सगळ्यांत मोलाचा बॉल. दोन मिनिटांपूर्वी तुम्हाला तोच हवा होता, आणखी दोन मिनिटांनी पुन्हा तोच हवा असेल. फक्त आत्ता, या घडीला, त्याला शिवायची तुम्हाला मुभा नाही.

आपल्या रोजच्या आयुष्यातल्या अडचणी बहुतेक वेळा अशाच असतात. गावाकडची जमीन विकायची आहे. गिऱ्हाईक तयार, भाव ठरलेला. पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. वारस नोंद झाल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही, आणि वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला लागतो. यात कुणी कुणाच्या वाईटावर नाही. वारस नोंद आपल्याच भल्याची, ती हवीच. पण आधी ती, मग विक्री. हा क्रम मोडता येत नाही आणि म्हणून समोर दिसणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत हात पोचत नाही. मँचेस्टरच्या माणसाला हेच म्हणायचं होतं. परवाना देणारी कंपनी लबाड आहे असं तो म्हणतच नव्हता. परवाना मधे उभा आहे, एवढंच.

वाट अडते ती फक्त सरळ वाट. पांढरा कुशनवर मारून, कोन साधून, मागच्या बाजूने लालपर्यंत नेता येतो. एका कुशनने जमलं नाही तर दोन, कधी तीन कुशनचा फेरा. किंवा क्यूचं टोक बॉलच्या बाजूला लावून त्याला अशी फिरकी द्यायची की तो मधल्या बॉलला वळसा घालून जाईल. मधल्या बॉलवरून उडी मारून जाणं मात्र निषिद्ध. स्नूकरमध्ये उडी हा फाउल आहे. तेव्हा ‘स्नूकर्ड’ माणूस संपलेला नसतो. त्याला वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वळशात चूक होण्याची शक्यता बरीच असते. इंग्रजीत हा शब्द वापरणाऱ्याच्या मनात ही छटा असते. सगळे दरवाजे बंद झाले असतील तर तो हा शब्द सहसा वापरणार नाही.

आपल्याकडचे जवळचे शब्द ताडून पाहिले की हे आणखी स्पष्ट होतं. ‘इकडे आड तिकडे विहीर’ इथे बसत नाही. तिथे दोन पर्याय आहेत आणि दोन्ही वाईट. ‘कात्रीत सापडणं’ही तसंच, दोन्हीकडून पातं येतं. ‘कोंडी’ म्हणजे चहूबाजूंनी, ती जरा जास्त होते, तरी बातमीत चालून जाईल. ‘पेच’ बराच जवळ आहे. कुस्तीतला पेच सोडवता येतो, फक्त जोर लावून नव्हे तर युक्ती करून. पण माझ्या मते सगळ्यांत नेमका शब्द बुद्धिबळातला आहे, ‘शह’. शह म्हणजे मात नव्हे. शह बसला की पुढची चाल मनासारखी खेळता येत नाही, आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. ‘स्नूकर्ड’ माणसालाही शह बसलेला असतो, मात झालेली नसते.

आणि क्रियापद हवं असेल, म्हणजे ‘त्याने आम्हाला स्नूकर केलं’ असं म्हणायचं असेल, तर आपल्या मातीतला ‘खो घालणं’ आहेच. ‘त्यांनी ऐनवेळी आमच्या कामात खो घातला.’ खेळातला शब्द खेळाच्या मैदानातून उठून कचेरीत, घरात, राजकारणात जाऊन बसतो, हे आपण रोज अनुभवतो. डाव साधणं, बाजी मारणं, चितपट करणं, गुगली टाकणं. ब्रिटिशांच्या बोलण्यात स्नूकरने हीच जागा घेतली. त्यांच्याकडे आणखी एक उदाहरण आहे, गोल्फमधलं. पूर्वी एकाचा बॉल आणि भोक यांच्या मध्ये दुसऱ्याचा बॉल आला तर त्याला ‘स्टायमी’ म्हणत, आणि तो उचलायची मुभा नसे. १९५२ मध्ये गोल्फने तो नियमच काढून टाकला. पण ‘स्टायमीड’ हा शब्द ‘अडकलेला’ या अर्थाने इंग्रजीत अजूनही धडधडीत जिवंत आहे. बोलणाऱ्यांतल्या कित्येकांना तो गोल्फचा आहे हे माहीतही नसतं.

तर हा शब्द आला कुठून? इथे आपल्याला थेट भारतात यावं लागतं, जबलपूरला.

१८७५ चा पावसाळा. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, ज्याची राजधानी आपलं नागपूर. तिथल्या ब्रिटिश छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे तरुण अधिकारी मेसमध्ये अडकून पडलेले. बाहेर कोसळणारा पाऊस आणि आत बिलियर्ड्सचं टेबल. त्या काळी या टेबलावर वेगवेगळे खेळ चालत. एक होता ‘पिरॅमिड्स’, त्यात १५ लाल बॉल त्रिकोणात मांडत. आजही स्नूकरमधले लाल त्याच त्रिकोणात मांडतात. दुसरा होता ‘ब्लॅक पूल’, त्यात रंगीत बॉल आणि एक काळा. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी हे खेळ एकमेकांत मिसळायला सुरुवात केली. आधी काही रंग, मग आणखी रंग. (हा चेंबरलेन वेगळा. हिटलरशी करार करणारे ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्याशी नावापुरतंच साम्य.)

एके दिवशी तोफखान्याचा एक पाहुणा अधिकारी मेसमध्ये आला. तो लंडनजवळच्या वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकलेला. गप्पांच्या ओघात त्याने सांगितलं की, तिथे पहिल्या वर्षाच्या नवख्या कॅडेटना ‘स्नूकर’ म्हणतात. आपल्या कॉलेजात नव्या पोरांना नावं ठेवतात तसलाच प्रकार. थोड्या वेळाने टेबलावर कुणीतरी पॉकेटच्या तोंडाशी असलेला, अगदी सोपा रंगीत बॉल चुकवला. चेंबरलेन ओरडला, तू तर अगदी स्नूकर आहेस! सगळ्यांना तो शब्द समजावून सांगावा लागला. मित्राला वाईट वाटू नये म्हणून तो पुढे म्हणाला की, या खेळात आपण सगळेच अजून स्नूकर आहोत, तेव्हा या खेळालाच स्नूकर म्हणू या. नाव चिकटलं.

ही हकिकत खुद्द चेंबरलेनने सांगितलेली आहे, आणि तीही १९३८ मध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात. म्हणजे घटनेनंतर ६३ वर्षांनी, ऐंशी उलटून गेल्यावर. एवढ्या काळात आठवणींना थोडी झिलई चढते हे आपण जाणतो. पण मूळ मुद्दा, म्हणजे खेळाचा जन्म जबलपूरच्या मेसमध्ये झाला आणि नाव वुलिचच्या टोपणनावावरून आलं, हा आज सर्वत्र मानला जातो.

आता या शब्दाच्या प्रवासाकडे बघा. आधी अर्थ ‘नवखा’. मग ‘नवख्यांचा खेळ’. मग त्या खेळातली ‘वाट अडण्याची स्थिती’. मग ‘वाट अडवणं’ हे क्रियापद. आणि शेवटी टेबल, बॉल, क्यू सगळं गळून पडून उरलेली साधी ‘अडचण’. प्रत्येक पायरीवर आधीचा अर्थ मागे राहिला. आज इंग्लंडमध्ये ‘मी स्नूकर्ड झालो’ म्हणणाऱ्याच्या मनात नवखेपणाचा मागमूस नसतो. मला कधीकधी वाटतं, त्या पावसाळी दुपारी तो सोपा बॉल पॉकेटमध्ये गेला असता तर ब्रिटनमधली माणसं आज अडचणीत सापडल्यावर काय म्हणाली असती?

जबलपूरहून खेळ दक्षिणेत गेला. चेंबरलेनची नेमणूक पुढे मद्रास सैन्याच्या प्रमुखाच्या हाताखाली झाली, आणि साहेबलोकांचा उन्हाळा उटीला जायचा. तिथल्या उटकमंड क्लबच्या बिलियर्ड्स खोलीत १८८२ च्या सुमारास नियम लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडचा नामवंत बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स भारतात आला असताना कलकत्त्यात, कूचबिहारच्या महाराजांबरोबरच्या जेवणाच्या वेळी, चेंबरलेनने त्याला हा खेळ समजावला, असंही तो सांगतो. तिथून स्नूकर इंग्लंडला पोचला. पण रुळायला वेळ लागला. बिलियर्ड्सच्या तिथल्या संघटनेने १९०० मध्ये नियम ठरवले. पहिली जागतिक स्पर्धा तर १९२७ मध्ये झाली. ती जिंकली जो डेव्हिसने, आणि पुढे १९४६ पर्यंत ही स्पर्धा एकूण १५ वेळा त्यानेच जिंकली.

पण शब्द घराघरांत नेला तो टीव्हीने. १९६९ मध्ये बीबीसीने स्नूकरचा एक कार्यक्रम सुरू केला, आणि कारण अगदी व्यवहारी होतं. रंगीत टीव्ही नुकता आला होता आणि रंगांशिवाय ज्याचा अर्थच लागत नाही असा हा खेळ होता. १९७७ पासून जागतिक स्पर्धा शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात होऊ लागली. १९८५ च्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर १७-१७ फ्रेमवर (फ्रेम म्हणजे सामन्यातला एक डाव) आले, शेवटच्या फ्रेमचा निकाल अगदी शेवटच्या काळ्या बॉलवर लागला आणि टेलर जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसलेले. आजीपासून नातवापर्यंत सगळं घर हे बघत असेल, तर त्या खेळाचे शब्द स्वयंपाकघरात येणारच. आपल्याकडे ‘विकेट पडली’ हे जसं कुणाच्याही तोंडी येतं, तसंच.

अमेरिकेत हे घडलं नाही. तिथे पूल खेळतात, टेबल लहान, नियम वेगळे. स्नूकर तिथे फारसा पाहिलाच जात नाही. शब्द मात्र पोचला, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर टेबल नव्हतं त्यांनी त्यातली चलाखी तेवढी उचलली. कुणीतरी मुद्दाम, हुशारीने पांढरा बॉल लपवला आणि आपण अडकलो. त्यातलं ‘हुशारीने अडकवलं’ एवढंच धरून पुढे जा, म्हणजे ‘गंडवलं’ असा अर्थ निघतो. अमेरिकन शब्दकोशांत ‘स्नूकर करणं’चा अर्थ सरळ ‘फसवणं’ असा दिलेला असतो. उच्चारही बदलला. ब्रिटिश माणूस ‘स्नू’ लांबवतो, अमेरिकन ‘स्नु’ आखूड म्हणतो, आपल्या ‘कुकर’मधल्या ‘कु’सारखा. ऐकताना कान टवकारून हा ऊकार पकडला तर समोरच्याच्या मनात कुठला अर्थ आहे याचा अंदाज बांधता येतो. मराठीत आपण दीर्घ ‘स्नूकर’ लिहितो ते मूळ उच्चाराला धरून आहे, आणि तसंच लिहावं.

मुद्दाम अडकवण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या खेळाचं अर्धं सौंदर्य तिथे आहे. पाहणाऱ्याला वाटतं की बॉल पॉकेटमध्ये घालणं म्हणजे खेळ. पण चांगला खेळाडू, बॉल जाणार नाही असं दिसलं की, तो नाद सोडतो आणि पांढरा अशा जागी नेऊन ठेवतो की समोरच्याला काहीच सरळ दिसू नये. त्याला स्नूकर लावणं म्हणतात. त्यात लबाडी नाही, नियम मोडलेला नाही, लपवाछपवी नाही. सगळं उजेडात, सगळ्यांसमोर. मी खेळायचो त्या हॉलमध्ये एक वयस्कर गृहस्थ यायचे. त्यांचा हात आता कापायचा, लांबचे पॉट, म्हणजे लांबून बॉल पॉकेटमध्ये घालणं, जमत नसत. पण पांढरा बॉल पिवळ्याच्या मागे नेऊन ते असा अलगद बसवायचे की आम्ही पोरं वीस-वीस मिनिटं डोकं खाजवत राहायचो. अमेरिकन अर्थ मला म्हणूनच थोडा अन्यायाचा वाटतो. कसबाला त्याने लबाडीचं नाव दिलं.

आणि स्नूकर नेहमी दुसरा लावतो असंही नाही. आपणच फटका मारतो, लाल पॉकेटमध्ये जातो, आनंद होतो, आणि पांढरा गडगडत जाऊन अशा जागी थांबतो की पुढचा एकही बॉल दिसत नाही. ‘स्वतःलाच स्नूकर केलं’ असा प्रयोग इंग्रजीत फार होतो तो यासाठी. तिथे दोष कुणाचा नसतो, फक्त पुढच्या फटक्याचा विचार राहून गेलेला असतो. घरात मोठं फ्रिज हौसेने आणलं आणि आता त्याच्यामुळे बाल्कनीचं दार पुरतं उघडत नाही, ब्रिटिश माणूस म्हणेल, मी मलाच स्नूकर केलं. मराठीत आपण ‘आपल्याच हाताने पायावर धोंडा’ म्हणू, पण धोंडा जरा जड होतो. पायावर धोंडा पडला की इजा होते, इथे नुसता खोळंबा होतो.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो ऐकला की बाहेरचा माणूस हमखास चक्रावतो. ब्रिटिश वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या किंवा फुटबॉलच्या बातमीत कधीतरी वाचायला मिळतं की अमक्यांना आता ‘स्नूकर्सची गरज आहे’. अडचणीची गरज कुणाला असेल? पण टेबलावर हिशेब मांडला की उलगडा होतो. समजा सगळे लाल संपले, सहा रंगीत उरले. त्यांची बेरीज २+३+४+५+६+७, म्हणजे २७. तुम्ही ३० गुणांनी मागे आहात. सहाही बॉल एका दमात घेतले तरी ३ गुण कमी पडतात. स्वतःच्या खेळाने जिंकण्याची शक्यता संपली. आता एकच मार्ग, समोरच्याला स्नूकर लावायचा, त्याच्याकडून चूक करवून घ्यायची आणि दंडाचे ४ गुण मिळवायचे. मग ३१ होतात आणि एका गुणाने जिंकता येतं. तेव्हा ‘स्नूकर्सची गरज आहे’ याचा अर्थ, आता नुसत्या आपल्या कर्तृत्वावर भागणार नाही, दुसऱ्याची चूक झाली तरच काही खरं. साखळी सामन्यांच्या शेवटी आपण गणितं मांडत बसतो, आपण जिंकायचं आणि शिवाय अमक्याने तमक्याकडून हरायचं, ती अवस्था.

तिथेही एक गंमत आहे की अनेक खेळाडू त्या अवस्थेत हार मान्य करून हात मिळवतात. क्यू खाली ठेवणं हा शिष्टाचार समजतात. पण दोन-तीन स्नूकर हवे असतानाही टेबल न सोडणारे असतात, आणि त्यांची फ्रेम बघणं हा मला पॉट बघण्यापेक्षा मोठा आनंद वाटतो.

या शब्दाचं आपल्याशी असलेलं नातं जबलपूरवर संपत नाही. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, आणि वैयक्तिक खेळात जागतिक अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. तो किताब बिलियर्ड्सचा, स्नूकरचा नव्हे. पण टेबल तेच. स्नूकरचं जागतिक हौशी विजेतेपद ओम अग्रवाल यांनी १९८४ मध्ये मिळवलं, आणि २००३ मध्ये ते पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी आशियाई विजेतेपद दोनदा जिंकलं, मुंबईचाच आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला. एवढं असूनही आपल्या बोलण्यात हा शब्द खेळाच्या नावापलीकडे गेला नाही. हॉलमध्ये खेळणारी पोरं ‘स्नूकर लागला’ म्हणतात, पण ती घरी येऊन आईला तसं म्हणत नाहीत. त्याची खंत करायचं कारण नाही, शह आणि खो आपल्याकडे आधीपासून आहेत.

फक्त भाषांतर करताना जपावं. इंग्रजी बातमीत मंत्री ‘स्नूकर्ड’ झाल्याचं वाचलं आणि बातमी लंडनची असेल, तर ‘मंत्र्यांची कोंडी’ किंवा ‘मंत्र्यांना शह’ लिहावं. ‘मंत्र्यांची फसवणूक’ लिहिलं तर न घडलेल्या गुन्ह्याची बातमी होईल. बातमी शिकागोची असेल, तर मागचापुढचा मजकूर वाचून ‘गंडवलं’ बहुधा बरोबर निघेल. ऑस्ट्रेलियन, आयरिश माणसं सहसा ब्रिटिश अर्थानेच बोलतात. आणि आपल्याला स्वतःला इंग्रजीत लिहायचं असेल, वाचणारे दोन्हीकडचे असतील, तर हा शब्द टाळून ‘अडलोय’ हे साध्या शब्दांत सांगावं.

भाचीने दुसऱ्या दिवशी तेच केलं. दोन ओळींचा मेल लिहिला की, परवाना येईपर्यंत मुख्य काम पुढे जाऊ शकत नाही, कुणी काही चुकीचं केलेलं नाही, आणि तोवर चाचणीचं काम जुन्या परवान्यावर चालू ठेवता येईल. वकील मेलमधून बाहेर पडले. परवाना नऊ दिवसांनी आला.